पिवळ्या रेनकोटशी बोलणारी बाँगची

लिंगबुए बंदरात अजूनही कुणी विचारलं की बाँगची कोण, तर लोक हातातलं काम थांबवून सांगतात, "तीच ती, भुताशी बोललेली." सांगताना आवाज आपोआप खाली येतो. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या दिवशी देवळासमोरच उभे होते आणि खरा प्रकार त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय. तरीही ते असंच सांगतात. त्यात गावाची बरीच लाज झाकली जाते, आणि लाज झाकायला भूत फार सोयीचं पडतं.

बाँगची जाळी सांधायची. धक्क्यावर बर्फाच्या कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून बसायची, पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा काठ अडकवायची आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फाटलेलं जोडत राहायची. पाचवी मुलगी झाली म्हणून चिडलेल्या बापानं तिचं नाव बाँगची ठेवलं होतं. त्याचा अर्थ, राहू दे, पोसू कशीतरी. त्या पिढीत अशा नावाच्या बायका गल्लोगल्ली होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींनीच पुढं घरंच्या घरं पोसली.

तिला पोसायला मात्र घर उरलं नव्हतं. नवरा, तायग्वान, होडी घेऊन माकुळ मासे पकडायला गेला तो परत आलाच नाही. होडी नाही, फळी नाही, चप्पलसुद्धा नाही. गावानं दोन वर्षं तिची समजूत घातली आणि मग कंटाळून तो नाद सोडला. त्यालाही आता एकोणीस वर्षं झाली होती. ती कामापुरतं बोलायची. "किती हात फाटलंय?" "परवा न्या." कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. तिच्या मनात काय चाललंय हे विचारायचं गावाच्या कधीच ध्यानात आलं नाही, आणि सांगायचं असतं हे तीही विसरून गेली होती.

तिच्याशी चार शब्द जास्त बोलणारी एकच बाई होती, स्युबुआन. बर्फाच्या कारखान्यासमोर तिचं रश्शातल्या शेवयांचं दुकान होतं. तिच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की उकळत्या पाण्याचा आवाजही ऐकू येत नसे.

सातवा महिना लागला, त्या पहिल्याच दिवशी दुपारी तो दिसला.

सातव्या महिन्यात पलीकडचं, मेलेल्यांचं दार उघडतं आणि ज्यांना घर नाही, मूठभर राख नाही, ते सगळे बाहेर येतात. मग बंदरात कुणी पाण्यात उतरत नाही, शीळ घालत नाही, काठाशी कुणाला नावानं हाक मारत नाही. त्या वर्षी तर भीतीला कारणही ताजं होतं. आदल्या उन्हाळ्यात शहरातले दोन तरुण गळ टाकायला समुद्रातल्या लांब बांधाच्या टोकाशी बसले होते. दोघांच्या अंगात एकसारखे पिवळे रेनकोट. एक मोठी लाट आली आणि दोघांनाही घेऊन गेली. एकाला कोळ्यांनी ओढून काढलं, पालथं घालून पोटातलं पाणी काढलं, तो ओकला आणि त्याला गाडीतून शहरात नेलं. दुसरा सापडलाच नाही.

पाण्यात मेलेल्याची सुटका होत नाही. त्याच्या जागी दुसरं कुणी बुडावं लागतं. बदली मिळाली की तो मोकळा होतो, नाहीतर तिथंच गारठून पडून राहतो. हे बंदरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हणून बांधाच्या टोकाशी, चार पायांच्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर, पिवळा रेनकोट उभा दिसला तेव्हा गावाची पाचावर धारण बसली.

"बदली घेतल्याशिवाय जायचा नाही तो," देवळाचे पुजारी चुआन आजोबा म्हणाले. "पौर्णिमेला देवळात जेवण आहे सगळ्या भुकेल्या भुतांचं. तोवर सांभाळा. एकाचा जीव जाणार हे लिहून ठेवा."

कुणी बांधाकडं फिरकेना. पोरांना घरात कोंडलं. चुआन आजोबांनी रोज सकाळी बांधाच्या अलीकडच्या टोकाशी भाताचा वाडगा ठेवायचा, त्यात मेलेल्यांना वाढतात तशी उदबत्ती खोवायची आणि मागं न पाहता परत यायचं, असं ठरवून दिलं. दुपारपर्यंत वाडगा रिकामा व्हायचा. जेवायच्या काड्या शेजारी नीट जुळवून ठेवलेल्या असायच्या, आणि सिमेंटवर ओल्या पावलांचे ठसे, टोकाकडे गेलेले. गावातली भटकी कुत्री, जी पोस्टमनलासुद्धा सोडत नसत, ती त्याच्या पायाशी गुपचूप बसून राहायची.

"कुत्र्यांना कळतं हो," स्युबुआन शेवया झाऱ्यानं झटकत म्हणाली. "तू अशी काय बघतेस तिकडं? डोळे फोडून घेशील."

"एकटाच उभा असतो," बाँगची म्हणाली.

"मग काय वरात घेऊन येणार?"

बाँगची तिकडंच बघत राहिली. तिच्या मनात वेगळंच काहीतरी आलं होतं, आणि आलं ते जाईना. तायग्वानही असाच कुठल्यातरी परक्या बंदरात उभा असेल. तिथल्या बायका दारं लावून घेत असतील. उदबत्ती खोवलेला भात ठेवून पळत असतील. एकोणीस वर्षांत त्याला कुणी एका शब्दानं विचारलं असेल का, की बाबा, कुठला तू, थंडी वाजते का? त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी तिनं एक फाटकं जाळं खांद्यावर टाकलं, रताळ्याची पेज आणि खारवलेला मुळा डब्यात घेतला, आणि सरळ बांधावर चालू लागली. मागून स्युबुआन किंचाळली, "अगं ए, वेडी झालीस का?" बाँगचीचे पाय चालत राहिले.

पाऊस नव्हता, नुसता भुरभुरा ओलावा हवेत लटकला होता. बंदर मागं विरघळून गेलं आणि पुढं फक्त तो पिवळा रंग राहिला. त्याच्यापासून दहा पावलांवर ती थांबली. टोपीच्या आत तोंड दिसत नव्हतं. तिनं डबा उघडून खाली ठेवला, रीतीप्रमाणं पेजेत उदबत्ती उभी केली आणि काडी ओढली. तिसऱ्या काडीला उदबत्ती पेटली.

"जेवून घे," ती म्हणाली. "मी काही मागायला नाही आले. मला काम आहे, ते इथं बसून करते."

आणि ती खरोखरच बसली. अंगठ्यात जाळं अडकवलं आणि सुई चालवू लागली. तिचे दात वाजत होते. तो हलला नाही. खाली लाट ठोकळ्यांच्या पोकळीत शिरायची आणि कुणी घशात आवंढा गिळावा तसा आवाज करून परत जायची. बऱ्याच वेळानं भीतीच कंटाळली असावी, कारण बाँगची बोलू लागली. हे जाळं कुणाचं, त्याचा मुलगा कसा आळशी आहे, यंदा बांगडा कसा आलाच नाही, मुळा खारवताना मीठ जास्त पडलं. एकोणीस वर्षांत ती सलग एवढं बोलली नव्हती. दिवेलागणीला ती उठली तेव्हा डबा जसाच्या तसा होता. सकाळी तो धुऊन बांधाच्या अलीकडच्या टोकाशी ठेवलेला मिळाला.

ती रोज जाऊ लागली. गावानं तिच्याशी बोलणं बंद केलं. समोरून आली की लोक रस्ता बदलायचे, जाळी सांधायला येईनाशी झाली. चुआन आजोबांनी तिच्या दारावर पिवळा मंत्राचा कागद चिकटवला. तो तिला अडवायला होता की भुताला, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

"तुझीच बदली घेणार तो," स्युबुआन दुरूनच म्हणाली. नेहमीचा टोमणा नव्हता तो. "बाँगची, ऐक माझं. पौर्णिमेपर्यंत घरात बस."

नवव्या दिवशी तो बोलला. आवाज बरेच दिवस न वापरल्यासारखा खरखरीत होता.

"मावशी, मी दिसतो तुम्हांला?"

बाँगचीच्या हातातली सुई गळून पडली. 

"दिसतोस की," ती कशीबशी म्हणाली.

"बाकी कुणाला दिसत नाही. मी बघतो त्यांच्याकडं, ते माझ्यातून पलीकडं बघतात. सकाळी भात ठेवतात, उदबत्ती लावून. मीही खातो." तो थांबला. "पहिले दोन दिवस मला वाटलं, चूक होतेय काहीतरी. आता नाही वाटत."

बाँगचीला त्याची कीव आली. आपण मेलोय हे बिचाऱ्याच्या अजून नीट ध्यानात आलेलं नाही, असं तिला वाटलं. अशाला काय विचारावं? जे तिला तायग्वानला विचारायचं होतं तेच तिनं विचारलं.

"पाणी फार गार होतं का रे?"

तो एकदम खाली बसला. पाय मोडावेत तसा. 

"हो," तो म्हणाला. "फार गार. मला कुणी विचारलंच नाही हे. सगळे म्हणायचे, विसर आता, पुढं बघ. आई म्हणायची, त्या गोष्टीचं नाव काढू नकोस. गार होतं, मावशी. आधी गार, मग कानात दडे बसले, मग वर कुठं आणि खाली कुठं ते कळेना."

"मग?"

"मग हात होता एक. माझ्या हातात. मग नव्हता."

तिनं 'असो' म्हटलं नाही, 'होतं असं' म्हटलं नाही. ती फक्त 'मग' म्हणत राहिली आणि सुई चालवत राहिली. तो रोज थोडं सांगायचा, मध्येच गप्प व्हायचा, पुन्हा तिथूनच सुरू करायचा. मेलेल्यांची आई असते आणि ती नाव काढू नकोस म्हणते, यात काहीतरी विचित्र आहे हे बाँगचीच्या ध्यानात यायला हवं होतं. नाही आलं. माणूस एकदा भूत ठरवलं की त्याचं प्रत्येक बोलणं भुताचंच वाटतं.

चौदाव्या दिवशी ती निघाली तेव्हा तो म्हणाला, "उद्या संपेल सगळं. उद्या पौर्णिमा. बदली झाली की सुटका."

तिनं मागं वळून न पाहता बंदर गाठलं.  म्हणजे चुआन आजोबा खोटं बोलत नव्हते. उद्या कुणाचा तरी जीव जाणार होता, आणि ते कुणाला सांगून उपयोग नव्हता. घरी आल्यावर ती बराच वेळ चुलीपुढं बसली. मग तिला हलकं वाटू लागलं, आणि त्या हलकेपणाची तिला तायग्वान गेल्यापासून सवय नव्हती.

पौर्णिमेला सगळं गाव देवळापुढं जमलं. लांबच लांब टेबलांवर अख्खी डुकरं, बदकं, अननस, भाताच्या राशी, आणि प्रत्येक पदार्थात धूर सोडणारी उदबत्ती. कागदी नोटांची राख हवेत उडत होती. ढोल सुरू झाले तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. बाँगची धुतलेला सदरा घालून, केस विंचरून, हातात भाताचा वाडगा घेऊन बांधावर गेली. आज तिनं जाळं घेतलं नव्हतं.

तो ठोकळ्यांच्या अगदी कडेला उभा होता. तिनं वाडगा ठेवला, उदबत्ती खोवली.

"ऐक," ती म्हणाली. "गावातल्या पोराबाळांच्या माणसांना हात लावू नकोस. न्यायचंच तर मला ने. माझ्यामागं रडणारं कुणी नाही. फक्त आधी एक सांग. खाली माझा नवरा भेटला का तुला? तायग्वान नाव. डाव्या हाताला चारच बोटं. तुझ्यासारखाच उंच."

त्यानं मान वळवली. पहिल्यांदाच टोपीखालचं तोंड तिला दिसलं. दाढी वाढलेलं, ओठ फुटलेलं, पंचविशीतलं तोंड. त्यानं सांगायला उशीर केला. खोटं बोलता आलं असतं, आणि दयेपोटी बोललाही असता कुणी.

"मावशी, खाली कुणीच नव्हतं," तो म्हणाला. "मी खूप वेळ होतो खाली. कुणी नव्हतं. नुसता काळोख. माझ्या हातातून सुटल्यावर बेंगहुईसुद्धा नव्हता."

"बेंगहुई कोण?"

"जो मेला तो."

ढोलांचा आवाज वाऱ्यानं तुटून तुटून येत होता. बाँगचीनं त्याच्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "मग तू कोण?"

"थ्यामतिंग." तो स्वतःच बुचकळ्यात पडल्यासारखा दिसला. "मला वर काढलं होतं. निदान मला तसं वाटायचं. दक्षिणेला काम मिळालंय म्हणून घरी सांगून आलो. त्याला बदली द्यायला. त्या दिवशी गळ टाकायला चल म्हणून मीच मागं लागलो होतो. पण इथं आल्यापासून... मला खरंच काढलं होतं का वर, मावशी?"

बाँगचीची नजर त्याच्या मनगटावर गेली. तिथं एक डास बसला होता. पोट लाल, टम्म फुगलेलं, आरामात. तिनं काही विचार न करता फाडकन हात मारला. त्याच्या मनगटावर रक्ताचा ठिपका उमटला, आणि तिच्या तळव्याला त्याचं अंग लागलं. तापलेलं. ताप असलेल्या माणसाचं.

भुताशी दहा-अकरा दिवस बोलताना ती जेवढी घाबरली नव्हती तेवढी आता घाबरली. भूत बुडून बुडणार किती? पण हे जिवंत पोर कडेपासून दोन वितींवर उभं होतं, आणि अख्खं गाव त्याला पंधरा दिवस मेलेल्यांचं जेवण वाढत होतं. त्यात तीसुद्धा. तिनं खाली वाकून वाडग्यातली उदबत्ती उपटली आणि समुद्रात फेकून दिली.

"जिवंत माणसाला असं वाढत नाहीत," ती म्हणाली. आवाज रागाचा आला. "मीच मूर्ख. इकडं ये."

"मला त्याला जागा द्यायचीय."

"कुणाला? आत्ता तूच म्हणालास, खाली कुणी नव्हतं."

 आपण काय बोलून गेलो ते त्याला आता ऐकू येत होतं.

"मग तो कुठं आहे?"

"मला नाही माहीत," बाँगची म्हणाली. "एकोणीस वर्षं झाली, मला नाही माहीत."

"मग तुम्ही कशा जगलात?"

तिला काहीतरी शहाणपणाचं सांगता आलं असतं. तिनं खरं ते सांगितलं. "धड नाही जगले. आज तर तुझ्या हाती मरायलाच आले होते, बघ." आणि एवढं बोलून तिला रडू कोसळलं. खाली कुणीच नाही. तायग्वान कुठल्या बंदरात उभा नाही, थंडीनं कुडकुडत नाही, कुणाची वाट बघत नाही. तिनं त्याच्यासाठी एवढी वर्षं जपून ठेवलेलं सगळं रडणं त्या ठोकळ्यांवर एकदम बाहेर आलं. तिचा पाय शेवाळावरून सरकला.

थ्यामतिंगनं झेप घेऊन तिचं कोपर धरलं. "मावशी, धरा! घट्ट धरा मला!" तो ओरडला, आणि तिला वर ओढता ओढता तोही रडू लागला. दोघं कडेपासून सरपटत मागं आली आणि सिमेंटवर बसून राहिली. त्यानं तिचं कोपर कितीतरी वेळ सोडलं नाही. त्यातलं कोण कुणाला घेऊन बांधावरून खाली उतरलं, हे पुढं दोघांनाही सांगता येत नसे.

ती दोघं देवळापुढून गेली तेव्हा ढोल थांबले. लोक मागं सरले. चुआन आजोबांच्या हातातल्या उदबत्त्या जमिनीवर पडल्या.

"घाबरू नका," बाँगची म्हणाली. "ताप आहे त्याला. डॉक्टरला बोलवा कुणीतरी. आणि घरी कळवा त्याच्या."

कुणी हललं नाही. मग स्युबुआन गर्दीतून बाहेर आली आणि काही न बोलता दुकान उघडायला गेली. तिनं चूल पेटवली, शेवया उकळल्या, वर दोन अंडी फोडली. थ्यामतिंग टेबलाशी बसून खाऊ लागला. रेनकोट काढल्यावर तो अगदीच किरकोळ दिसत होता. डॉक्टर येईपर्यंत बाँगची आणि स्युबुआन चुलीशी उभ्या राहून त्याच्याकडं बघत राहिल्या.

"बाँगची," स्युबुआन म्हणाली. तोंडाच्या पट्ट्यातून इतका बारीक आवाज कधी निघाला नव्हता. "पहिल्या दिवशी तो माझ्यामागून आला होता. 'ताई, इथं कुठं बसायला मिळेल का,' म्हणाला. या महिन्यात मागून हाक आली तर वळायचं नाही म्हणून मी वळले नाही. तो रडत होता गं. मला ऐकू आलं होतं. कुणाला सांगितलं नाही मी."

बाँगचीला तिचा राग यायला हवा होता. पण जे मनात आलं ते तिनं सांगून टाकलं.

"मी तरी काय केलं? मेलेला आहे म्हणून गेले. जिवंत आहे हे माहीत असतं, तर मला काय करायचंय म्हणून जाळं सांधत बसले असते."

 टेबलाशी थ्यामतिंगनं वाडगा दोन्ही हातांनी उचलून रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि मान वर करून बिचकत विचारलं, अजून थोडं मिळेल का. दोघी एकदम चुलीकडं वळल्या.